गावठीपासून ग्लॅडिएटरपर्यंत

तासगाव, पलूस, कवठे महांकाळ या पट्ट्यात ऑक्टोबर लागला की द्राक्षबागांत कात्र्या चालू होतात. फळछाटणीचा हंगाम. कुठल्या काडीवर किती डोळे राखायचे, पेस्ट कधी लावायची, भुरीची पहिली फवारणी कधी घ्यायची, यावर चहाच्या टपरीवरही तज्ज्ञांसारखी चर्चा रंगते. या चर्चेत हिरिरीनं बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या घरापुढं, तुळशीच्या शेजारी, बहुधा एक गुलाब असतो. त्याचीही छाटणी याच पंधरवड्यात व्हायला हवी असते. तोही खुंटावर डोळा भरून तयार झालेला असतो आणि भुरी त्यालाही येते. पण बागेत इंचाइंचाचा हिशेब ठेवणारा माणूस दारातल्या या झाडाकडं वर्षभर बघत नाही. गणपतीत दोन फुलं मिळाली की भागलं.

गुलाबाचा संग्रह करायला जे हात आणि जी नजर लागते, ती सातारा-सांगलीत घरोघर आहे. खुंट, डोळा, काडी, ताण, बहर हे शब्द इथं कुणाला शिकवावे लागत नाहीत. उणीव आहे ती झाडाचं कूळ विचारण्याच्या सवयीची. द्राक्ष घेताना माणूस सोनाका की माणिक चमन हे आधी विचारतो. गुलाब घेताना मात्र लाल, पिवळा किंवा ‘दोन रंगांचा’ मागतो, आणि रोपवाटिकावालाही तेवढंच सांगतो. पिशवीवरची चिठ्ठी पहिल्या पावसात गळून जाते आणि झाड कायमचं बेनाव होतं. अशी पन्नास झाडं गच्चीवर असली तरी त्यांना संग्रह म्हणणं धाडसाचं ठरेल. उलट बारा झाडं असोत, पण प्रत्येकाचं नाव, साल आणि घराणं ठाऊक असेल, तर तो संग्रह.

जगभरचे गुलाबवाले जुन्या आणि आधुनिक गुलाबांमधली सीमा १८६७ या सालावर आखतात. त्या वर्षी फ्रान्समधल्या ल्योंच्या गियो या रोपवाटिकाकारानं ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाब बाजारात आणला. पहिला हायब्रीड टी म्हणून त्याची नोंद आहे. अमेरिकन रोझ सोसायटीची व्याख्या अशी की, १८६७ पूर्वी जे वर्ग अस्तित्वात होते ते सगळे जुने, नंतरचे आधुनिक. यात झाडाच्या वयापेक्षा वर्ग महत्त्वाचा. म्हणजे एखाद्या जुन्या वर्गातली जात १९०० साली निघाली असली तरी ती जुन्यांतच मोडते. बाजारात दिसणारा लांब दांड्याचा, टोकदार कळीचा, एका फांदीला एक फूल देणारा गुलाब हा हायब्रीड टी. घोसानं फुलतो तो फ्लोरिबंडा. जुने गुलाब दिसायला अगदी वेगळे: कपासारखी पसरट फुलं, गच्च पाकळ्या, मान थोडी कललेली, आणि बऱ्याचदा असा वास की फूल दिसण्याआधी तो पोचतो.

पण जुना गुलाब म्हटलं की तो आपल्याकडं फुलेलच, असं नाही. इंग्रजी पुस्तकांतली चित्रं पाहून गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया, मॉस या युरोपी वर्गांची झाडं मागवणाऱ्यांचा इथंच घोटाळा होतो. या वर्गांना थंडीची झोप लागते. कडक हिवाळ्यात ती पानं गाळून पडून राहतात आणि वसंतात एकदाच फुलतात. सांगलीचा हिवाळा म्हणजे पहाटेचा १२-१३ अंशांचा गारवा आणि दुपारी तिशीच्या आसपासचं ऊन. एवढ्यानं त्या झाडांना हिवाळा आल्याचं कळतही नाही. पानं भरपूर येतात, फूल येत नाही. पाचगणीच्या थंडीतही त्यांची खात्री देता येत नाही. त्यामुळं या दोन जिल्ह्यांतल्या माणसानं या वर्गांवर पैसे घालवू नयेत, हे इथं स्पष्टच सांगितलेलं बरं.

मग जुन्यांपैकी घ्यायचे कोणते? उत्तर चीनकडं जातं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८२४ पर्यंत चार चिनी गुलाब इंग्लंडात पोचले: स्लेटरचा किरमिजी, पार्सन्सचा गुलाबी, ह्यूमचा फिकट आणि पार्क्सचा पिवळा. पूर्वेकडच्या अशा झाडांच्या प्रवासात कलकत्त्याचा कंपनी बाग हा एक मोठा थांबा होता. या चौघांपैकी पार्सन्सचा गुलाबी म्हणजेच ‘ओल्ड ब्लश’. या चिनी झाडांची करामत अशी की ती वर्षभर फुलत. जंगली गुलाबात बहर संपला की पुढची फुलं थोपवणारा एक जनुक असतो. चिनी गुलाबात त्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला आणि तो निकामी झाला. थोपवणारं कुणी उरलं नाही, म्हणून झाड फुलतच राहिलं. केएसएन नावाच्या या जनुकाची उकल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. आज दारात बाराही महिने फूल देणारा कुठलाही गुलाब घ्या, त्याच्या रक्तात हा चिनी बिघाड आहे.

उष्ण हवेत टिकणारे जुने गुलाब याच वंशातले. चायना, टी, न्वाझेत आणि बूर्बाँ हे चार वर्ग ध्यानात ठेवले तर संग्रहाच्या जुन्या बाजूचा पाया पक्का होतो. ‘ओल्ड ब्लश’ तर निष्काळजी माणसाच्या हातीही जगतो. १८३२ चा ‘क्रामोआझी सुपेरियर’ लहान, गर्द लाल फुलांचा. ‘म्युटाबिलिस’ची एकेरी फुलं पिवळसर उमलतात, गुलाबी होतात आणि किरमिजी होऊन गळतात, त्यामुळं एकाच झाडावर तीन रंग दिसतात. १८६४ चा ‘मारेशाल नील’ हा पिवळा न्वाझेत वेल एकेकाळी जगभरच्या बागांचं भूषण होता. त्याच्या फुलांच्या माना खाली झुकतात, म्हणून तो मांडवावर चढवावा आणि खालून पाहावा. बूर्बाँपैकी ‘सुव्हनिर द ला मालमेझाँ’ १८४३ चा. कोरड्या थंडीत त्याच्यासारखं फूल नाही. पण पावसात त्याच्या कळ्या न उमलताच कुजतात. जतमध्ये तो चालेल, महाबळेश्वरात त्याच्या नादी लागू नये. ‘झेफिरीन द्रुएं’ला काटे जवळजवळ नसतात. लहान मुलं असलेल्या घरात वेल लावायचा तर तोच.

बूर्बाँ वर्गाची जन्मकथा मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला फ्रेंचांचं एक बेट आहे. आज त्याला रेयुनियाँ म्हणतात, तेव्हा त्याचं नाव बूर्बाँ. तिथले शेतकरी शेताच्या बांधाला गुलाबाचं कुंपण करत: एक ओळ दमास्क गुलाबाची, एक चिनी गुलाबाची. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एदुआर पेरिशों नावाच्या जमीनदाराच्या कुंपणात एक वेगळंच रोप दिसलं. दमास्कचा सुगंध आणि चिनी गुलाबाची पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय त्या रोपात एकत्र आली होती. त्याला ‘रोझ एदुआर’ म्हणू लागले. बी पॅरिसला गेलं आणि तिथं एक नवा वर्ग उभा राहिला. भारतात हाच गुलाब ‘एडवर्ड’ या नावानं पसरला, खुंट म्हणून वापरला गेला आणि वासासाठी घरोघर लागला.

आपल्याकडं ज्याला सरसकट गावठी किंवा देशी गुलाब म्हणतात, त्यात एकच जात नाही. काही झाडं दमास्कची, काही एडवर्डची, काही त्यांच्या आसपासची. ओळखायची साधी खूण म्हणजे बहर. निव्वळ दमास्क मार्च-एप्रिलच्या सुमारास मोठा बहर देऊन थांबतो. पुष्कर आणि अलीगढजवळच्या हसायनची अत्तराची शेती या एका बहरावर चालते. एडवर्ड मात्र वर्षात पुन्हा पुन्हा फुलतो. गुलकंदाला दोन्ही चालतात, फवारणी झालेली नसली म्हणजे झालं. पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर बरणीत घालून ती उन्हात ठेवायची, हे इथल्या घरांत कुणाला सांगायला नको. मिरजेच्या दर्ग्यावरची चादर असो की नरसोबाच्या वाडीचा हार, फुलांच्या त्या ढिगात हात घातला तर वास येतो तो या साध्या, चिंध्या झालेल्या पाकळ्यांच्या फुलाचाच. हरितगृहातल्या लांब दांड्याच्या गुलाबाला बहुधा वास नसतो. त्याची निवड दांडा, टिकाऊपणा आणि वाहतूक पाहून झालेली असते. म्हणून संग्रहाची सुरुवात कॅटलॉगपासून करू नये. दारातला किंवा आजोळच्या परसातला गावठी गुलाब हा त्याचा पहिला क्रमांक असावा.

आधुनिक गुलाबांची बाजू भरायला सोपी, आणि म्हणूनच तिथं हात आखडता घ्यायला हवा. काही जाती इतिहासासाठी हव्यात. फ्रान्सिस मेयाँचा ‘पीस’ २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेत पासाडेना इथं या नावानं जाहीर झाला. त्या सुमारास बर्लिन पडत होतं. १९५४ चा ‘क्वीन एलिझाबेथ’ पुरुषभर उंच वाढतो. कोर्डेस यांचा १९५८ चा पांढरा ‘आइसबर्ग’ इथल्या उन्हातही घोसांनी फुलतो. वासासाठी ‘पापा मेयाँ’ आणि ‘डबल डिलाइट’. आणि ‘ग्लॅडिएटर’ तर हवाच. १९५५ ची ही अमेरिकी जात मायदेशी कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या उघड्या शेतांनी तिला पिढ्यान्पिढ्या पोसलं. लग्नाच्या गाडीवर, सत्काराच्या गुच्छात, एस.टी. स्टँडजवळच्या फुलवाल्याच्या बादलीत दिसणारा तो लाल गुलाब बहुधा हाच. त्याला बाजारी म्हणून नाक मुरडणारे शौकीन पुष्कळ आहेत. इथल्या हवेत हुकमी फूल देणाऱ्या जातीला बाजारी म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

पिवळ्या आधुनिक गुलाबांबद्दल एक इशारा. १९०० साली ल्योंच्या पेर्ने-द्युशे यांनी ‘सोलेय दोर’ काढला. त्याचा भडक पिवळा रंग इराणकडच्या रोझा फिटिडा या जातीतून आला. रंगाबरोबर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाची ओढही आली, आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या असंख्य पिवळ्या-नारिंगी गुलाबांत ती उतरली. कोयनेच्या खोऱ्यात किंवा मेढ्याकडं जुलैत पिवळा गुलाब पानगळ होऊन नुसत्या काड्यांवर उभा राहतो, त्याला माळ्याचा आळस कारण नसतो, झाडाची वंशावळ असते. तिथं पिवळा हवाच असेल तर एखादं झाड पागोळीच्या आत, कुंडीत ठेवावं.

भारतीय जातींना वेगळा कोपरा द्यायला हवा. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले, पण फावल्या वेळात त्यांनी गुलाबांचे संकर केले आणि १९६६ मध्ये ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ दिला. त्यांचा पांढरा ‘डॉ. होमी भाभा’, केशरी-पिवळा ‘बंजारन’, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निघालेले ‘भीम’, ‘मोहिनी’, ‘मृणालिनी’, ‘रक्तगंधा’ हे सगळे आपल्या उन्हात निवडलेले गुलाब. तपकिरी झाक असलेल्या ‘मोहिनी’सारखा रंग परदेशी जातींतही विरळा. पुढची पायरी कोडाईकनालच्या एम. एस. वीरराघवन यांनी गाठली. भारतीय प्रशासकीय सेवा मुदतीआधी सोडून त्यांनी रोझा क्लिनोफिला आणि रोझा जायगँशिया या भारतातल्या रानगुलाबांपासून उष्ण हवेसाठी नवे संकर केले. क्लिनोफिला बंगाल-बिहारकडं पाणथळ जागी वाढते. पुराच्या दिवसांत पाण्यात उभी राहूनही ती तगते.

कृष्णाकाठच्या वाचकाला हा तपशील विशेष वाटेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि अर्धं शहर पाण्याखाली गेलं. त्याआधी २००५ ला आणि नंतर २०२१ ला पूर आलाच. साध्या खुंटावरच्या गुलाबाची मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात. पाणी ओसरल्यावर झाड वरून हिरवं दिसतं आणि पंधरवड्यात काळं पडतं. सांगलीच्या नदीकाठच्या वस्तीत गुलाबाची जागा गच्चीवरच.

हवापाण्यातला हा फरक केवळ पुरापुरता नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या जतमध्ये पाचशेच्या आसपास. पश्चिम साताऱ्यात जांभ्याची लाल, आम्लधर्मी माती. मिरज, वाळवा, पलूसकडं चुनखडीची काळी माती, आणि अति पाण्यानं काही ठिकाणी क्षारपड. गुलाबाला किंचित आम्ल माती मानवते, सामू साडेसहाच्या आगेमागे. म्हणून पाचगणीत खड्डा खणून लावलेलं झाड सहज लागतं, तर सांगलीत तेच झाड पिवळं पडतं. पान जवळून पाहावं: कोवळ्या शेंड्याचं पान फिकट, पण शिरा हिरव्यागार, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या. ऊसवाले यालाच केवडा म्हणतात. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळं मुळांना मिळत नाही. अशा वेळी युरिया टाकत राहणं म्हणजे पैसे वाया. थोडं गंधक, शेणखतात मुरवलेलं हिराकस आणि पावसाचं साठवलेलं पाणी यांनी झाड सुधारतं. आटपाडी-जतच्या बोअरच्या जड पाण्यानं पानांच्या कडा करपतात. तिथं कुंडीतून महिन्या-दोन महिन्यांनी भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढावे लागतात. कुजलेलं मळीखत ऊसपट्ट्यात सहज मिळतं आणि गुलाबाला चालतं. ताजी, गरम मळी मात्र मुळं जाळते.

संग्रह बुडण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण रोग किंवा पूर नसतो. ते असतं खुंटाचा फुटवा. डोळा भरलेली जागा जमिनीलगत असते. तिच्याखालून खुंट जोमानं धुमारा फेकतो, आणि नवखा माणूस ‘काय फूट आली आहे’ म्हणून त्याला खतपाणी घालतो. दोन वर्षांत वरची जात मरते आणि उरतो खुंट. पाच पर्णिकांचं पान असलं तर कलम आणि सात असली तर जंगली, हा ठोकताळा सगळीकडं सांगितला जातो. पण तो फसवा आहे. कित्येक जुन्या आणि वेली गुलाबांना सात पर्णिका असतात. या ठोकताळ्यानं चांगल्या फांद्या छाटल्या गेल्या आहेत. भरवशाच्या खुणा दोन. पहिली, फुटवा जोडाच्या खालून निघाला का, हे माती सारून पाहणं. दुसरी, पानाच्या देठाच्या तळाशी असलेली दोन चिमुकली उपपर्णं. खुंट मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा असेल तर त्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या असतात, हायब्रीड टीच्या साध्या. असा फुटवा कात्रीनं वर कापू नये. मुळाशी धरून ओढून काढावा.

छाटणीचं वेळापत्रक सोपं आहे. पाऊस थांबला, ऑक्टोबरचं ऊन पडलं की हायब्रीड टी गुडघ्याएवढा ठेवून छाटावा, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरक्या कापानं. काप उघडा न ठेवता बोर्डो पेस्ट लावावी, नाहीतर शेंड्याकडून मर उतरत येते. छाटणीपासून साधारण दीड महिन्यानं पहिला बहर. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात फुलं न्यायची असतील तर दिवस उलटे मोजून काही झाडं उशिरा छाटावीत. जुन्या टी आणि चायना गुलाबांना मात्र ही कडक कात्री सोसत नाही. त्यांची वाळकी काडी काढावी, फार तर तिसरा हिस्सा कमी करावा. पूर्वी दख्खनमध्ये छाटणीआधी मुळं उघडी करून झाडाला ताण देत, आटपाडीचे डाळिंबवाले बहर धरायला देतात तसा. कुंडीतल्या गुलाबाला त्याची गरज नाही. मार्चपासून लाल कोळी येतो. त्यासाठी औषधाआधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूनं मारून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

पुढच्या पानांत जाती, माती, खतं आणि रोग यांची माहिती येईलच. पण या दोन जिल्ह्यांतला खरा संग्रह अजून कुठल्याच पानावर आलेला नाही. वाईची मधली आळी, साताऱ्याच्या पेठा, सांगलीचा गावभाग, मिरजेची ब्राह्मणपुरी इथले वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. त्यांच्या परसात आडाशेजारी पिढ्यान्पिढ्या फुललेली गुलाबाची झाडं विटामातीबरोबर डंपरमध्ये जातात. त्यांतली कुठली एडवर्ड, कुठली दमास्क, कुठला एखादा विसरलेला टी, हे कुणी पाहिलेलं नाही. अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटावर हेच घडत होतं. तिथल्या रोझ सोसायटीनं १९५४ पासून अशी बेनाव झाडं जमवली आणि खरं नाव सापडेपर्यंत ती ज्या गावात किंवा ज्यांच्या अंगणात मिळाली त्यांच्या नावानं वाढवली. त्या ‘गूढ गुलाबां’साठी आज जगभरचे अभ्यासक तिथं जातात. नाव माहीत नाही म्हणून झाड टाकून द्यायचं नाही, आणि अंदाजानं खोटं नावही द्यायचं नाही, एवढाच त्यांचा नियम.

तो इथं पाळायला सोसायटीचीही गरज नाही. ओळखीतला एखादा वाडा पाडायला निघाला असेल तर मालकाला विचारून परसातल्या गुलाबाच्या चार काड्या घ्याव्यात: पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर, चार-पाच डोळ्यांच्या. जुने गुलाब बहुतेक स्वतःच्या मुळांवर चांगले जगतात, त्यांना खुंट लागत नाही. काड्या अर्ध्या सावलीत, वाळू मिसळलेल्या मातीत लावाव्यात. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं गाव, आळी आणि साल कोरून ती झाडाला तारेनं बांधावी. लागलेल्या रोपांतलं एक शेजारी द्यावं. पावसाळ्याचा पहिला महिना या कामाला सर्वांत चांगला; वाचकांनी येत्या जूनपासूनच त्याला लागावं.